रुसिंगा: एकेम्बोच्या मागावर पश्चिम केनियात

चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन आणि माणूस हे सगळे कपी. माकडांपासून हा गट वेगळा झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातले कपी कसे दिसत, कसे चालत, हे सांगणारी सर्वांत भरघोस हाडं व्हिक्टोरिया सरोवराच्या केनियाकडच्या भागात मिळाली आहेत. कोरू, सोंघोर, रुसिंगा आणि म्फांगानो ही त्यांतली मुख्य ठिकाणं. या कपींना जुन्या पुस्तकांत सरसकट ‘प्रोकॉन्सल’ म्हणतात. रुसिंगा आणि म्फांगानोच्या कपींना २०१५ पासून ‘एकेम्बो’ असं वेगळं नाव आहे. नैरोबीहून निघून ही ठिकाणं ओळीने पाहता येतात. वाट अवघड नाही, पण तयारीशिवाय गेलं तर टेकड्या आणि बाभळी पाहून परतावं लागतं, कारण तिथे फलक नाहीत आणि काय पाहायचं ते आधी ठाऊक असावं लागतं.

मार्च ते मे हा मोठा पावसाळा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा. हे दोन्ही टाळून आम्ही फेब्रुवारी निवडला. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. सरोवराकाठी मलेरिया वर्षभर असतो, तेव्हा गोळ्या डॉक्टरांना विचारून भारतातूनच सुरू कराव्यात.

दिवस पहिला: नैरोबी

सगळा दिवस राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. बहुतेक लोक थेट ‘तुर्काना बॉय’ या आदिमानवाच्या मुलाच्या सांगाड्याकडे जातात आणि मायोसीन काळातल्या (साधारण २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) कपींच्या मांडणीपुढून पाच मिनिटांत निघतात. या प्रवासासाठी मात्र तीच मांडणी महत्त्वाची. अभ्यासाचे मूळ जीवाश्म तिजोरीच्या खोलीत असतात आणि ते संशोधन परवान्याशिवाय पाहता येत नाहीत. मांडणीतल्या साच्यांवरूनही, म्हणजे हुबेहूब प्रतिकृतींवरूनही, पुष्कळ शिकता येतं.

आधी क्रमांक वाचायला शिकावं. ‘केएनएम’ म्हणजे केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय. त्यापुढची अक्षरं ठिकाणाची: आरयू रुसिंगा, एमडब्ल्यू म्फांगानो, एसओ सोंघोर, केओ कोरू. एवढं कळलं की कुठल्याही चित्राखालचा क्रमांक पाहून हाड कुठलं ते ओळखता येतं, आणि लेबलवर नुसतं ‘प्रोकॉन्सल’ लिहिलेलं असलं तरी फसगत होत नाही.

मग दाढा. माकडाच्या खालच्या दाढेवर चार उंचवटे असतात आणि ते दोन-दोनच्या जोडीने आडव्या धारांनी जोडलेले असतात. कपीच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे असतात आणि त्यांमधली खाच इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फाटते. तुमच्या-माझ्या खालच्या पहिल्या दाढेवरही बहुधा हीच रचना आहे. या प्राचीन कपींच्या वरच्या दाढांना आतल्या बाजूने एक ठळक कड असते, आजच्या कपींत ती जवळपास नाहीशी झाली आहे. पाच उंचवट्यांची दाढ फार जुनी आहे. त्यामुळे एकट्या दाढेवरून ‘हा माकड नाही’ इतकंच खात्रीने म्हणता येतं, ‘हा आजच्या कपींचा सख्खा पूर्वज’ असं नाही. विसाव्या शतकात या बाबतीत झालेल्या अनेक चुका दातांवर जास्त भार टाकल्याने झाल्या.

कवटीचा साचा पाहिला, केएनएम-आरयू ७२९०. चेहरा पुढे आलेला, पण बेताने. भुवयांवर चिंपांझीसारखा हाडाचा जाड कंगोरा नाही. मेंदूचं आकारमान सुमारे १६७ घन सेंटीमीटर काढलं गेलं आहे. जेमतेम १० किलोच्या प्राण्याला हा मेंदू कमी नाही.

दिवस दुसरा: नैरोबी ते किसुमू

साधारण ३५० किलोमीटर, गाडीने सात-आठ तास. विमानाने तासाभरात होतं. तरी रस्त्याने जावं, कारण नैवाशाच्या आधी खचदरीचा कडा उतरताना या सगळ्या गोष्टीचं भूगर्भातलं कारण डोळ्यांपुढे येतं. इथे जमीन ताणली जाऊन फाटते आहे आणि त्या ताणातून ज्वालामुखी उठले. त्यांच्या राखेने हाडं झाकली आणि त्याच राखेतल्या खनिजांवरून त्यांचं वय मोजता आलं. केरिचोच्या चहामळ्यांनंतर उतार लागतो आणि हवा बदलते. किसुमूत मुक्काम. समुद्रसपाटीपासून साधारण ११३४ मीटरवर असूनही दुपारी चांगलं उकडतं.

दिवस तिसरा: कोरू, सोंघोर, फोर्ट टर्नन

किसुमूच्या पूर्वेला मुहोरोनीच्या उसाच्या पट्ट्यातून कोरूला जायला दीड-दोन तास लागतात. बाजूने जुनी मीटरगेज रेल्वे जाते. हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधलेली ही लोहवाट १९०१ मध्ये सरोवराला टेकली.

प्रोकॉन्सलची गोष्ट कोरूच्या चुनखडीत सुरू होते. १९२०च्या दशकात इथे चुन्यासाठी दगड फोडताना हाडं निघाली, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेली, आणि १९३३ मध्ये आर्थर टिंडेल हॉपवुड यांनी ‘प्रोकॉन्सल आफ्रिकानस’ हे नाव दिलं. त्या काळी युरोपात खेळ करून दाखवणाऱ्या चिंपांझींना ‘कॉन्सल’ म्हणत. हा त्या चिंपांझीच्या आधीचा, म्हणून प्रोकॉन्सल. नावातच एक समजूत दडलेली होती: हा चिंपांझीचा थेट पूर्वज. पुढे १९६०च्या दशकात लहान जात चिंपांझीची आणि मोठी ‘प्रोकॉन्सल मेजर’ गोरिलाची पूर्वज, अशी मांडणीही झाली. ती टिकली नाही. चिंपांझी, गोरिला आणि माणूस यांची फाटाफूट या कपींच्या कितीतरी नंतरची, हे रेणूंच्या अभ्यासाने दाखवून दिलं.

सोंघोर कोरूपासून दूर नाही. तिथे तिंदेरेत ज्वालामुखीच्या तांबूस राखेचे उघडे पडलेले उतार आहेत. कोरू आणि सोंघोर सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे. सोंघोरला पायाखालची जमीन पाहण्याची सवय लावून घ्यावी, पुढे रुसिंगाला ती कामी येते. सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपं असतं, तेव्हा बारीक उंचसखलपणा सावलीने उठून दिसतो. भर दुपारी सगळं एकसारखं दिसतं आणि फोटोही सपाट येतात. उताराच्या पायथ्याकडून वर चढत जावं, कारण तुकडे वरून घरंगळत आलेले असतात. खाली एक दिसला तर मूळ जागा वर कुठेतरी असते.

नवख्या माणसाची ठरलेली फसगत म्हणजे झाडांच्या मुळांभोवती साचलेल्या चुन्याच्या नळ्या. रंग आणि जाडी हाडासारखीच. तुटलेलं टोक नीट पाहावं. हाडाच्या आत जाळीदार पोकळ भाग आणि बाहेर गुळगुळीत घट्ट कवच असतं. मुळाच्या नळीत एकात एक कडी दिसतात किंवा मधे साधं भोक असतं. कुठलाही तुकडा उचलू नये. केनियाच्या कायद्याने तो गुन्हा आहेच, शिवाय तुकडा नेमका कोणत्या थरातून आला ही माहिती गेली की उरलेल्या हाडाला विज्ञानात फारशी किंमत राहत नाही. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, जीपीएसची नोंद घ्यावी आणि ती संग्रहालयाला कळवावी. ही नोंद समाजमाध्यमांवर टाकू नये.

परतीच्या वाटेवर फोर्ट टर्नन. भारतीय वाचकाने इथे थोडं थांबायलाच हवं. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या इथल्या थरांत १९६१ मध्ये मानवाच्या उगमाचे अभ्यासक लुई लीकी यांना ‘केनियापिथेकस’ या कपीचा जबडा मिळाला. त्याच सुमारास हिमाचलातल्या हरितल्यांगरचा ‘रामपिथेकस’ मानवाच्या वंशातला पहिला प्राणी म्हणून गाजत होता आणि काही अभ्यासकांनी हे दोन्ही एकच मानले. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर ‘शिवापिथेकस’ या प्राचीन कपीचा चेहरा सापडला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी कोसळली. तो चेहरा ओरांगउटानसारखा होता आणि रामपिथेकस शिवापिथेकसमध्येच जमा झाला. आपल्याकडे बारावीच्या जीवशास्त्रात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘ड्रायोपिथेकस, मग रामपिथेकस, मग माणूस’ ही ओळ अजून भेटते. ती आता खोडायला हवी.

दिवस चौथा: किसुमू ते म्बिटा

रुसिंगाकडे जायच्या दोन वाटा. एक होमा बे मार्गे पूर्ण रस्त्याने. दुसरी लुआंडा कोटिएनोपर्यंत गाडीने आणि तिथून फेरीने सरोवराचं आखात ओलांडून म्बिटाला. जाताना फेरी, येताना रस्ता हे उत्तम. पाण्यावर साधारण तास जातो. जलपर्णी दाटली की धक्क्याला लागायला वेळ लागतो, तेव्हा पुढची गाडी अगदी मिनिटाला बांधून ठेवू नये. सुट्टे पैसे आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची सोय) दोन्ही जवळ असावं, पुढे कार्ड फारसं चालत नाही.

या पाण्याकडे पाहून एक गैरसमज होतो. सरोवर सुमारे ४ लाख वर्षांचं मानतात, आणि मधल्या काळात ते कोरडंही पडलं आहे. एकेम्बोच्या काळी इथे सरोवर नव्हतं, रुसिंगा बेट नव्हतं. होता तो किसिंगिरी नावाचा मोठा ज्वालामुखी आणि त्याच्या उतारावरचं रान. आजचं रुसिंगा हा त्या ज्वालामुखीच्या पसरलेल्या कडेचा एक तुकडा आहे, पाण्याने वेगळा पडलेला. आखाताच्या उत्तर काठाजवळचं माबोको बेट याच पाण्यात आहे. तिथे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या ‘व्हिक्टोरियापिथेकस’ माकडाचे जीवाश्म विपुल आहेत. आरंभीच्या मायोसीनमध्ये कपी भरपूर आणि माकडं थोडी, नंतर हळूहळू उलट. हा पालट या एकाच आखाताच्या आसपास पाहायला मिळतो.

पाण्यात उतरू नये, पायही बुडवू नयेत. काठच्या उथळ पाण्यात बिल्हार्झिया या रोगाचे जंतू असतात आणि ते कातडीतून शिरतात. मगरी आणि पाणघोडे आहेतच. दक्षिणेच्या कारुंगूहून जीवाश्म घेऊन येणारे डी. बी. पिगॉट १९०९ मध्ये याच सरोवरात मगरीच्या तोंडी पडले. या भागातल्या जीवाश्मशोधाचा आरंभच असा झाला.

दिवस पाचवा: रुसिंगा

म्बिटा आणि रुसिंगा यांच्यामधे १९८०च्या दशकात भराव टाकून रस्ता केला होता. त्याने पाण्याचा प्रवाह अडला, म्हणून आता तिथे पूल आहे. बेट साधारण १६ किलोमीटर लांब. मधे लुनेने टेकडी, तिच्या माथ्यावर लाव्हाची टोपी, आणि खाली हिवेगी, किआहेरा अशा टेकड्यांचे राखेचे उतार. बोडा-बोडा म्हणजे मोटारसायकलवर सगळीकडे जाता येतं. मात्र स्थानिक वाटाड्या हवाच. उतार लोकांच्या शेता-कुरणांत आहेत आणि परवानगीशिवाय शिरणं बरं नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्याला आदराने ‘म्झे’ म्हणावं, कशासाठी आलो ते सांगावं, मग पुढे जावं. उत्खननाच्या जागांना जुने क्रमांक आहेत: आर १, आर ३, आर १०६, आर ११४ असे. वाटाड्याला गावाच्या नावाबरोबर हे क्रमांक सांगितले तर पुष्कळ वेळ वाचतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. सावली नाही.

दख्खनच्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना इथला करडा-पिवळसर, ठिसूळ दगड परका वाटतो. किसिंगिरीची राख सोडा आणि चुन्याने भरलेली होती. दाट रानातली माती आम्लयुक्त असते, ती हाड काही वर्षांत विरघळवून टाकते. चिंपांझींचे जीवाश्म म्हणून केनियातले सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचे मोजके दातच हाती आहेत, ते याच कारणाने. रुसिंगावर राखेतल्या चुन्याने आम्ल मारलं आणि हाडांच्या पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज भरलं. म्हणून इथे रानातल्या कपीची बोटंही मिळतात, फळं आणि बिया मिळतात, एवढंच काय, मऊ अंगाच्या अळ्यासुद्धा. रानात राहणाऱ्या कपींचा इतका तपशील जगात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

२ ऑक्टोबर १९४८ रोजी याच बेटावर लुई लीकींच्या पत्नी आणि सहसंशोधक मेरी लीकी यांना उतारातून डोकावणारा दात दिसला. लुई त्या वेळी दुसरीकडे मगरीच्या जीवाश्मावर काम करत होते. दातामागे जबडा निघाला, जबड्यामागे चेहरा आणि कवटीचा मोठा भाग. पहिल्या दिवशी संग्रहालयात जिचा साचा पाहिला ती ७२९० हीच. इतकी पूर्ण कवटी तोवर मायोसीनमधल्या कुठल्याच कपीची मिळालेली नव्हती. मेरी ती घेऊन विमानाने इंग्लंडला गेल्या आणि ऑक्सफर्डला शरीररचनातज्ज्ञ ल ग्रो क्लार्क यांनी तिचा अभ्यास केला.

पण कवटीहून मोलाचं काही असेल तर गुंबाजवळची आर ११४ ही जागा. १९५१ मध्ये टी. व्हिटवर्थ यांनी इथून एका तरुण कपीच्या हाता-पायांची हाडं काढली, केएनएम-आरयू २०३६. हाडं एका उभ्या, गोल खड्ड्यासारख्या जागी भरलेल्या राखेत होती, तेव्हा ती दगडातली कुंडी समजली गेली. १९८०च्या आसपास मार्टिन पिकफर्ड आणि अॅलन वॉकर यांना संग्रहालयात इतर प्राण्यांच्या हाडांत मिसळून पडलेले याच सांगाड्याचे तुकडे सापडले. एकाची तुटलेली कड दुसऱ्याला जुळत गेली. जागा पुन्हा तपासली तेव्हा ती कुंडी म्हणजे राखेत उभ्याने गाडला गेलेला पोकळ झाडाचा बुंधा असल्याचं कळलं. ज्यांना ‘उत्खनन म्हणजे कुदळ’ वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं: या सांगाड्याचा महत्त्वाचा भाग कपाटाच्या खणांतून खणून काढला आहे.

दुपारनंतर कास्वांगा. १९८४ मध्ये इथे एकाच जागी लहान-मोठ्या वयाच्या अनेक एकेम्बोंची हाडं मिळाली. हात, पाय, बोटं, पाठीचे मणके, सगळं. एकेम्बोच्या दोन जाती आहेत. त्यांतल्या या लहान जातीचं नाव ‘हेसेलोनी’, लीकींचे केनियन सहकारी हेसेलोन मुकिरी यांच्या स्मरणार्थ. मुकिरींसारख्यांच्या नजरेने केनियातले कितीतरी जीवाश्म सापडले, तेव्हा हे नाव अगदी योग्य माणसाचं आहे.

या हाडांवरून उभा राहणारा प्राणी पाहा. हात आणि पाय जवळजवळ सारख्या लांबीचे, गिबन किंवा ओरांगउटानसारखे लांबच लांब हात नाहीत. मनगटात कोपरापासून येणारं करंगळीकडचं हाड अजून मनगटाच्या हाडांना टेकलेलं, माकडांत असतं तसं. आजच्या कपींत तिथे फट आहे, म्हणून त्यांचं मनगट सर्व बाजूंनी वळतं. तळवा फांदीवर सपाट टेकवून हा प्राणी चालायचा, फांदीखाली लोंबकळायचा नाही. इथवर तो माकडच वाटेल. पण अंगठा लांब आणि पकडीला पक्का, पायाचा अंगठाही तसाच, खुब्याचा सांधा माकडाहून अधिक मोकळा, कोपरात कपींची काही लक्षणं. आणि शेपूट नाही.

शेपटीचा मुद्दा सहज सुटलेला नाही. शेपटीची हाडं सापडली नाहीत, एवढ्याने ती नव्हती असं म्हणता येत नाही, कारण बारीक मणके हरवतात. १९९१ मध्ये कॅरल वॉर्ड, वॉकर आणि मार्क टीफर्ड यांनी शेपूट नसल्याचं मांडलं, त्यावर आक्षेप आले. २००४ मध्ये मासातो नाकात्सुकासा आणि सहकाऱ्यांनी त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या, अगदी शेवटच्या मणक्याचा पुरावा दिला. शेपूट असलेल्या प्राण्यात तिथे मज्जारज्जूची वाट रुंद राहते आणि मणक्याचा मागचा सांधा भक्कम असतो. एकेम्बोत तो मणका निमुळता होत संपतो. २०२४ मध्ये जनुकाच्या बाजूनेही दुवा मिळाला: कपींच्या टीबीएक्सटी जनुकात घुसलेला डीएनएचा एक तुकडा शेपूट जाण्याशी जोडला गेला.

म्हणजे क्रम असा लागतो: शेपूट आधी गेली, हात नंतर बदलले. झाडाला लोंबकळू लागले म्हणून शेपूट गेली, ही सोपी समजूत एकेम्बो पुरती मोडून काढतो. शेपटीने तोल सांभाळता येत नाही, म्हणून घट्ट पकड आणि सावकाश चाल, हे जुळतं. लोंबकळणं फार पुढची गोष्ट.

दिवस सहावा: आर ३ आणि बुडालेलं रान

सकाळी आर ३. इथे एकाच पातळीवर झाडांच्या बुंध्यांचे साचे आणि चुनखडी झालेली मुळं मातीच्या जुन्या थरात आहेत. बुंध्यांमधली अंतरं मोजता येतात, माथे एकमेकांना भिडत असतील इतकी ती झाडं जवळजवळ होती. त्याच मातीत एकेम्बो आणि लहान कपी डेन्ड्रोपिथेकस यांचे अवशेष मिळाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पानांच्या जीवाश्मांवरून पाऊस वर्षाला साधारण १४०० ते २६०० मिलिमीटर काढला आहे. झाडं आणि कपी एकाच मातीत मिळणं हा या जागेचा विशेष. इतरत्र पानं एका थरात, हाडं दुसऱ्यात, आणि मधलं अंतर अंदाजाने भरावं लागतं.

तरी सबंध रुसिंगा सदैव दाट रान होतं असं समजू नये. बेटावरच्या इतर थरांत कोरड्या, मोकळ्या झाडीच्या खुणा आहेत. ज्वालामुखी फुटला की उतार उजाड व्हायचा आणि रान पुन्हा उगवायचं. वयाच्या आकड्यांतही तफावत दिसते, तिने गोंधळू नये: १९८८ च्या मोजणीनुसार बहुतेक थर १ कोटी ७८ लाख वर्षांच्या आसपासचे मानले जात, पुढच्या कामाने हा पट १ कोटी ८० लाख ते २ कोटींपर्यंत मागे ताणला आहे. लेबलवर कोणता आकडा आहे यावरून ते कधी लिहिलं हेही कळतं.

दुपारी टॉम म्बोया यांची समाधी पाहिली. १९६९ मध्ये हत्या झालेला हा केनियाचा नेता याच बेटाचा. जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि ओमेना, वाळवलेली बारीक मासळी. कोकणी माणसाला वास ओळखीचा वाटेल.

दिवस सातवा: म्फांगानो

म्बिटाहून यांत्रिक होडीने म्फांगानोवरच्या सेना गावाला दीड तासाच्या आत पोहोचता येतं. सकाळचीच होडी धरावी आणि परतीचीही शक्यतो लवकरची, दुपारनंतर वारा आणि वादळं उठतात. लाइफ जॅकेट नसेल तर बसू नये.

म्फांगानोने मोठ्या जातीचा, ‘एकेम्बो न्यान्झे’चा, अर्धामुर्धा सांगाडा दिला, केएनएम-एमडब्ल्यू १३१४२. वजन ३०-३५ किलोच्या घरात. यातले मणके आणि कंबरेचं हाड फार बोलके आहेत. कंबरेचे मणके बहुधा सहा. बहुतेक माकडांना सात असतात, माणसाला पाच, चिंपांझीला तीन-चार. आजच्या कपींची पाठ आखूड आणि ताठ, छाती रुंद. एकेम्बोची पाठ लांब, लवचिक आणि छाती अरुंद, कंबरेचं हाडही अरुंद. इतक्या वजनाचा प्राणी फांद्यांवरून चार पायांनी चालत होता.

मग वंशवृक्षात याची जागा कोणती? बहुतेक अभ्यासक आज याला कपींच्या खोडावर ठेवतात: माकडांची शाखा फुटून गेल्यानंतर, पण गिबनची शाखा फुटण्याआधी. दाढा, शेपूट नसणं, कोपर आणि अंगठा हे कपींच्या बाजूने. मनगट, पाठ, छाती ही जुनी ठेवण. तो कुणाचा थेट पूर्वज आहे असं म्हणता येत नाही आणि तसं म्हणण्याची गरजही नाही. त्याच काळात युगांडातल्या मोरोटोला ‘मोरोटोपिथेकस’ होता, साधारण २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी, आणि त्याची कंबर एकेम्बोपेक्षा आजच्या कपींकडे झुकलेली. उत्तर केनियात ‘आफ्रोपिथेकस’, आणि त्यांच्याही आधी दक्षिण टांझानियात अडीच कोटी वर्षांपूर्वीचा ‘रुक्वापिथेकस’. एका वेळी कपींच्या पुष्कळ जाती होत्या आणि प्रत्येकीत जुन्या-नव्याचं मिश्रण निराळं. या गर्दीतून एकच सरळ रेषा ओढायची घाई केली की रामपिथेकसचं झालं तेच होतं.

नावाबद्दल आणखी एक इशारा. २०१५ च्या विभागणीनंतर ‘प्रोकॉन्सल’ हे नाव कोरू-सोंघोरकडच्या जुन्या जातींपुरतं राहिलं. पण सांगाड्याची जवळजवळ सगळी माहिती रुसिंगा-म्फांगानोची, म्हणजे एकेम्बोची. तेव्हा जुन्या पुस्तकात ‘प्रोकॉन्सलचा हात’, ‘प्रोकॉन्सलची पाठ’ असं वाचलं तर ते एकेम्बोचं समजावं. अस्सल प्रोकॉन्सलच्या हाता-पायांबद्दल फार थोडं हाती आहे.

वेळ उरला तर बेटावर सुबा लोकांचं छोटं संग्रहालय आणि क्वितोने, मावांगा इथली शैलचित्रं पाहावीत. एकेम्बो हे नाव सुबा भाषेतूनच घेतलं आहे.

दिवस आठवा: होमा बे मार्गे परत

रस्त्याने परतताना दक्षिणेला ग्वासीचे आणि रांग्वाचे डोंगर दिसतात. किसिंगिरीचं उरलेलं शरीर ते हेच: रांग्वा म्हणजे ज्वालामुखीचा गाभा, ग्वासी त्याचा झिजलेला उतार. नकाशावर रांग्वापासून रुसिंगापर्यंत रेषा ओढली की राख किती दूरवर पसरली होती ते लगेच कळतं. होमा बेहून किसुमूकडे रस्ता चांगला आहे, संध्याकाळचं नैरोबीचं विमान मिळतं.

सामानात एकही दगड नाही हे आदल्या रात्री पाहून घ्यावं. रुसिंगाचा साधा दिसणारा खडाही बियांचा जीवाश्म असू शकतो आणि विमानतळावर त्याचा खुलासा देता येत नाही. पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टबरोबर हातात ठेवावं. केनियाहून भारतात उतरताना ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना सरोवराकाठी गेल्याचं आधी सांगावं, म्हणजे मलेरियाची तपासणी पहिल्याच दिवशी होते.